नऊ गासड्या आणि एक नाव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाला अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्याची आजी पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "भाऊसाहेब, तुम्ही एवढी पुस्तके वाचता, हे येल म्हणजे कोण हो? कुलपावर नाव असते तेच का?"

"नाही आजी, कुलपाचा येल निराळा. हा मद्रासचा गव्हर्नर होता!"

आजी थक्कच झाल्या. मग पेढा तोंडात टाकून मी गोष्ट सांगायला बसलो. तीच आज वाचकांना सांगतो. कारण शेवटी आजींनी विचारलेला एक प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही.

एलिहू येलचा जन्म अमेरिकेतल्या बोस्टनचा, १६४९ सालचा. घराणे मूळचे वेल्समधल्या रेक्सहॅमजवळचे. पोर तीन वर्षांचे असतानाच आईबापांनी अमेरिका सोडली, आणि ज्या देशात आज त्याचे नाव गाजते आहे, तिथे हा गृहस्थ पुन्हा कधीही गेला नाही. १६७२ साली तो ईस्ट इंडिया कंपनीचा साधा कारकून म्हणून मद्रासला उतरला. पगार वर्षाला दहा पौंड! पण कंपनीच्या नोकरांची खरी कमाई खासगी व्यापाराची. येलने त्यात, विशेषतः हिऱ्यांच्या व्यापारात, अमाप पैसा केला.

१६८० साली मद्रासच्या किल्ल्यात सेंट मेरीचे देऊळ उभे राहिले. तिथल्या दप्तरात नोंदलेले पहिले लग्न येलचेच. वधू कॅथरिन ही त्याच्या जोसेफ हिनमर्स नावाच्या सहकाऱ्याची विधवा. हिनमर्स वारून पुरते वर्षही झाले नव्हते. तिच्या पदरी पहिल्या नवऱ्याची मुले होती. पुढे येलला तिच्यापासून तीन मुली आणि डेव्हिड नावाचा एक मुलगा झाला.

१६८७ च्या जुलैत येल गव्हर्नर झाला. तो आनंद सहा महिनेच टिकला. १६८८ च्या जानेवारीत, चार वर्षेही पुरी न झालेला डेव्हिड वारला. येलने त्याला हिनमर्सच्या कबरीतच विसावा दिला. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने मी मद्रासला गेलो होतो, तेव्हा उच्च न्यायालयाजवळच्या आवारात ती कबर मुद्दाम पाहिली. चौकोनी बैठकीवर निमुळता होत गेलेला उंच मनोरा. भोवतालची जुनी दफनभूमी पार नाहीशी झालेली. फ्रेंचांनी १७५८ साली वेढा घातला तेव्हा त्यांना तिथल्या कबरींचा आडोसा मिळाला, म्हणून इंग्रजांनी नंतर ती मोकळी करून टाकली. हा मनोरा मात्र राहिला. कोवळ्या पोराचा तो दगड पाहून, गव्हर्नर असो की कारकून, बापाचे काळीज तेच, असे मला वाटले.

पुढच्याच वर्षी कॅथरिन मुलांना घेऊन विलायतेला निघून गेली. येल एकटा राहिला. त्याच सुमारास आपला इतिहास त्याच्या दाराशी येऊन पोचला. १६८९ च्या अखेरीस छत्रपती राजाराम महाराज जिंजीला आले. मोगलांशी झुंज चाललेली, पैशाची निकड मोठी. १६९० साली येलने मराठ्यांकडून कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला विकत घेतला. सौदाही मजेदार! किल्ल्यावरून चहूकडे तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवरची जमीन इंग्रजांची. त्या हद्दीतल्या खेड्यांना पुढे 'गोळ्याची गावे' असेच नाव पडले. किल्ल्याचे नाव ठेवले सेंट डेव्हिड. हा वेल्सचा संत खरा, पण गव्हर्नरच्या गेलेल्या मुलाचे नावही तेच होते.

खासगी व्यापाराच्या तक्रारी विलायतेस पोचल्या आणि १६९२ साली त्याची गव्हर्नरी गेली. १६९९ मध्ये तो अमाप संपत्ती घेऊन लंडनला परतला. मुलींची लग्ने बड्या घरी झाली. धाकटा जावई तर ड्यूकचा मुलगा. पण गादीला वारस नव्हता. हिरोनिमा दे पाइवा या विधवेपासून त्याला मद्रासेत आणखी एक मुलगा झाला होता, तोही तरुणपणीच दक्षिण आफ्रिकेत वारला. शेवटी त्याने अमेरिकेतल्या भाऊबंदांतला एक मुलगा जवळ आणवला.

ही उणीव कॉटन मॅदर नावाच्या बोस्टनच्या धर्मोपदेशकाने अचूक हेरली. कनेक्टिकटची एक लहानशी शाळा पैशाअभावी अडली होती. तुमचे नाव तिला दिले तर ते मुलाबाळांपेक्षाही अधिक टिकेल, असे त्याने येलला सुचवले. १७१८ साली येलने नऊ गासड्या माल, ४१७ पुस्तके आणि राजा जॉर्जची तसबीर पाठवली. मालाचे ५६२ पौंड आले आणि शाळेचे येल कॉलेज झाले. १७२१ साली तो वारला.

आजी डोळे टिपत म्हणाल्या, "बिचारा!"

मग मात्र मला उरलेली गोष्ट सांगावीच लागली. येलच्या कारकिर्दीत मद्रासच्या बंदरातून माणसे गुलाम म्हणून बाहेर जात. दुष्काळात ती स्वस्त मिळत. मुले चोरून नेऊन विकतात अशा तक्रारी मोगल अंमलदारांनी केल्या, तेव्हा १६८८ साली येलच्या कौन्सिलने ही निर्यात बंद केली. येलचा डेव्हिड गेला तेच हे वर्ष. म्हाताऱ्या येलचे एक चित्र त्याच्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मेजाभोवती नातेवाईक बसले आहेत, मागे बागेत मुले खेळताहेत, आणि एका कडेला एक काळा पोरगा उभा आहे. त्याच्या गळ्यात कुलूप लावलेला धातूचा पट्टा आहे. २०२० साली हे चित्र भिंतीवरून उतरवले, शोध घेतला आणि २०२२ साली पुन्हा लावले. गुलामगिरीशी असलेल्या संबंधांबद्दल विद्यापीठाने २०२४ साली जाहीर माफीही मागितली.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या पोराचे नाव काय हो?"

त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. मी तसे सांगितले. आजींनी पुड्याची दोरी बांधली आणि उठता उठता म्हणाल्या, "आमच्या नातवाला सांगते. तिथे गेलास की आधी ते चित्र पाहून ये म्हणावे."