ओळ कुठे मोडायची

तक्रार साधी होती: पुणे शाखेच्या थकबाकीच्या रिपोर्टमध्ये नाशिकची बिलं दिसत होती. पीएचपीची फाईल उघडली. अख्खी क्वेरी एकाच ओळीत, स्क्रीन उजवीकडे सरकवत नेली तरी संपेना. अटींना हात न लावता मी आधी ओळी मोडायला घेतल्या.

माझी पद्धत ठरलेली आहे. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ऑर्डर बाय यांची प्रत्येकी नवी ओळ, सगळ्या एकाच डाव्या कडेला. कॉलम चार स्पेस आत, एका ओळीवर एकच. पुढे कोणी मधे एखादा कॉलम घातला तर गिटमध्ये तेवढीच ओळ बदललेली दिसते. व्हेअरमधली प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर, आणि अँड किंवा ऑर ओळीच्या सुरुवातीलाच. ओळीच्या शेवटी गेले की ते नजरेतून निसटतात.

अशा ओळी लागल्या आणि चूक समोर आली. पहिली ओळ: शाखा पुणे. दुसरी: अँड, बिल 'बाकी'. तिसरी: ऑर, बिल 'अंशतः जमा'. एसक्यूएल ऑरच्या आधी अँड धरतं. म्हणजे पुण्याची अट फक्त 'बाकी' बिलांना लागत होती. 'अंशतः जमा' बिलं सगळ्या शाखांची येत होती. शेवटच्या दोन अटी कंसात घेतल्या, आणखी चार स्पेस आत नेल्या. नाशिक गेलं.

कोडच्या पोटात क्वेरी नीट मांडणं सोपं नसतं. अवतरणातले तुकडे टिंबांनी जोडताना एक स्पेस राहिली, की टेबलचं नाव आणि व्हेअर एकमेकांना चिकटतात. म्हणून लांब क्वेरी मी हिअरडॉकमध्ये लिहिते. पूर्वी त्याची शेवटची खूण ओळीच्या अगदी सुरुवातीलाच द्यावी लागे आणि फंक्शनची सगळी मांडणी मोडे. २०१८ मध्ये आलेल्या पीएचपी ७.३ पासून ती आत सरकवता येते. खुणेआधी जेवढ्या स्पेस, तेवढ्या प्रत्येक ओळीतून आपोआप वजा होतात. युजरने भरलेली माहिती मात्र मी क्वेरीत कधीच चिकटवत नाही. तिथे प्लेसहोल्डरच.

मांडणीच्या या जादा स्पेसशी डेटाबेसला काही देणंघेणं नाही. पुण्याच्या रिपोर्टची ती क्वेरी लिहिणाऱ्याला अँड-ऑरचा नियम ठाऊक नसेल, असंही मला वाटत नाही. एका ओळीत त्याला तो दिसला नाही, एवढंच.