सायकलींची शर्यत धानपट्ट्यातून गेली तर

या पानावर मी एरवी खोडकिडा, बीजप्रक्रिया नाहीतर हरभऱ्यावरची घाटेअळी यांविषयी लिहितो. आज सायकलीवर लिहितो आहे. पण वाचत जा, शेती त्यातच येते.

मला शाळेपासून सायकल शर्यतींचे वेड. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. एकूण अंतर ४३७ किलोमीटर. आधी शहरात एक छोटी दौड आणि मग चार दिवसांचे चार टप्पे. ती बघताना डोक्यात एकच विचार घोळत होता, की अशी शर्यत आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आली, तर तिचा रस्ता कोणता असावा?

पट आणि टप्पा

आपल्याकडे शंकरपट पाहिलेल्याला ही शर्यत समजायला वेळ लागणार नाही. २०१४ साली पटावर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये ती अटींवर उठली आणि झाडीपट्टीत पुन्हा पट भरू लागले. पटात जोडीची वेळ सेकंदात मोजतात. टप्प्यांच्या शर्यतीतही प्रत्येक सायकलस्वाराची वेळ रोज मोजतात आणि सगळ्या दिवसांची बेरीज करतात. एखाद दिवशी पहिला आला म्हणून कोणी जिंकत नाही. बेरीज ज्याची कमी, तो विजेता. फ्रान्समध्ये १९०३ पासून अशी शर्यत चालते. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीलाही १९४५ पासूनची परंपरा आहे आणि तिचा खरा कस बोरघाटात लागतो.

सपाट रस्त्यावर सगळे स्वार एका घोळक्यात पळतात. पुढचा वारा अंगावर घेतो, त्याच्या आडोशाने मागच्याला बराच कमी जोर लागतो. म्हणून आळीपाळीने पुढे येतात. चाक चाकाला लागेल इतके जवळ. टायर जेमतेम दोन बोटे रुंद. अशा घोळक्यापुढे एक खड्डा, एक बकरी किंवा वाळत घातलेले चार पायल्या धान आले, की दहा-वीस जण एकदम खाली.

माझ्या मनातला रस्ता

पहिला दिवस चंद्रपूर, चिचपल्ली, मूल, सावली, व्याहाड आणि वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली. सुमारे ८० किलोमीटर, सगळा सपाट. १९८२ पर्यंत दोन्ही जिल्हे एकच होते, तेव्हा पहिला टप्पा पुलावरून जावा हे बरे.

दुसरा दिवस गडचिरोली, आरमोरी, वडसा, कुरखेडा आणि बेडगाव घाट चढून कोरची. सह्याद्रीसारखे घाट आपल्याकडे नाहीत, पण थकलेल्या पायांना हा पुरेसा आहे. अडचण एक. २०२१ पासून छत्तीसगडातून आलेल्या रानटी हत्तींचा वावर याच पट्ट्यात आहे. त्या दिवशी हत्ती कुठे आहेत हे वनखात्याला विचारूनच हा टप्पा ठरवावा लागेल.

तिसरा दिवस वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि परत चंद्रपूर. चामोर्शी-आष्टी-गोंडपिपरीवरूनही चंद्रपूरला येता येईल. पण आष्टीच्या बाजूने सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक चालतात. तिथे सायकलींचा घोळका मी तरी पाठवणार नाही.

कोणी म्हणेल, वाघ दाखवायला शर्यत ताडोब्याच्या रस्त्याने न्या. ते नको. जिथे पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बाया जीव गमावतात, त्या जंगलात भोंग्यांच्या गाड्या आणि वर घिरट्या घालणारे कॅमेरे नेऊन वाघ बिथरवायचा आणि त्याचा त्रास गावाने सोसायचा, हे बरोबर नाही.

तारीख धानाला विचारून

रस्त्याइतकीच तारीख महत्त्वाची. जुलै-ऑगस्टात रोवणा असतो. गोसीखुर्दचे पाणी सुटले की वैनगंगेकाठचे रस्ते बंद पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, पुढे बांधणी, पुंजणे आणि चुरणा. त्या दिवसांत अर्धा रस्ता बैलबंड्यांचा, उरलेला वाळत्या धानाचा. खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरांची रांग वेगळीच. मार्च-एप्रिलात मोह, मेमध्ये तेंदूपत्ता आणि चंद्रपूरचे ऊन. ४५ अंशांच्या वर पारा गेला की माणूस सायकलीवर बसत नाही, पळवणे तर दूरच.

उरला मधला काळ, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा असते, ते दिवस टाळावेत. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या गावातून टप्पा नसावा. बाजार बुडाला तर भाजी कोणाची सडते, हे सांगायला नको.

जाता जाता माझ्या खात्याचे काम करून घेतो. शर्यत येवो न येवो, धान डांबरी रस्त्यावर वाळवू नका. खडे मिसळतात, चाकाखाली दाणा फुटतो, गिरणीत कणी वाढते. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. तो ताडपत्रीवर किंवा सारवलेल्या खळ्यातही साधतो.

रस्ता कोणासाठी

मी सायकलवेडा असूनही शर्यतीबद्दल मला एक धास्ती आहे. मोठे लोक येणार म्हटले की रस्ता आठवड्यात चकचकीत होतो आणि पहिल्या पावसात उखडतो.

मागच्या हिवाळ्यात प्लॉट पाहणी आटोपून मी सायकलने परतत होतो. पुढे नववीतली एक मुलगी सायकल हातात धरून रस्त्याखालून चालत होती. मी विचारले, "काय बाई, पंक्चर झाली का?" ती म्हणाली, "नाही सर, ट्रक आला की साईडपट्टीवरून खाली पडते. परवा पडली होती. म्हणून इथं पायीच जातो." मी वाकून बघितले. डांबराची कड आणि माती यांत वीतभर फरक होता. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. तिचीही त्यातलीच. सायकल सरकारने दिली, पण ती चालवायला दोन हात जागा कोणी दिली नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. शर्यतीचा रस्ता आखायचा तर तो आधी या मुलींसाठी आखा. जिथे त्यांची सायकल न पडता जाईल, तिथून परदेशी स्वारही सुखाने जातील. साईडपट्टी मुरूम टाकून, दाबून डांबराच्या बरोबरीला आणणे हे फार खर्चाचे काम नाही. त्यासाठी शर्यतीची वाट बघायचीही गरज नाही.

सरपंच, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांना विनंती आहे. आपल्या हद्दीत शाळेच्या वाटेवर साईडपट्टी कुठे खचली, सायकलवाले कुठे पडतात, याची यादी करा आणि ग्रामसभेत ठराव घेऊन बांधकाम खात्याकडे पाठवा. ठरावात ट्रकांच्या वेळाही लिहा. शाळा सुटण्याच्या तासाला जड वाहने थांबावीत, अशी मागणी करायला हरकत नाही.

पुढेमागे शर्यत आलीच, तर मी व्याहाडच्या पुलावर उभा असेन. ती मुलगीही शाळेतून त्याच वाटेने यावी, सायकलीवर बसून.