मालदीव : एक बेट, एक रिसॉर्ट
सुमारे 1,190 प्रवाळबेटं. वस्ती जेमतेम दोनशे बेटांवर. 1972 मध्ये राजधानी मालेजवळ ‘कुरुंबा’ हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. तोवर पोट मुख्यतः मासेमारीवर, त्यातही टूनावर. पुढे धोरण ठरलं : निर्जन बेट भाडेपट्ट्याने द्यायचं, त्यावर एकच रिसॉर्ट, वीज, गोडं पाणी, कचरा, सगळं ज्याचं त्याने पाहायचं. पैसा आला, पण बराचसा कुंपणाआडच राहिला (कुंपण समुद्राचंच!). 2009 नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना मुभा मिळाली, तेव्हा कुठे माफुशीसारख्या गावांतल्या घरांपर्यंत डॉलर पोचले. 2024 मध्ये 20 लाखांहून अधिक पर्यटक आले. देशाची लोकसंख्या त्याच्या साधारण पावपट. पर्यटकांच्या ताटातला मासा तेवढा तिथला. तांदूळ, पीठ, साखर सगळं बाहेरून येतं.