खेळ करणारा आणि खेळणारा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस थोडें नवल वाटेल. व्हिडिओ गेम ही बाजारांतून येणारी वस्तु आहे आणि मुलें ती खेळतात, एवढाच आपल्यापैकीं पुष्कळांचा तिच्याशीं परिचय. परंतु घरच्या संगणकावर असे लहान खेळ स्वतः रचणारीं मुलेंही आतां आढळूं लागलीं आहेत. २०१४ सालीं सर्वांस खुलें झालेलें ‘गोडो’ यासारखें साधन एक पैसाही न देतां मिळतें. त्यामुळें खेळ करण्यास मोठी कंपनीच पाहिजे असें राहिलेलें नाहीं. खेळ तयार होतो. पण तो चांगला झाला कीं नाहीं हें करणाऱ्यास कळावें कसें? या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

एक उदाहरण घेऊं. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवा जालना वसलेला आहे. जुन्या जालन्यांतील एका विद्यार्थिनीनें एक खेळ रचला, अशी कल्पना करा. जोंधळ्याचें शेत, मध्यें माळा, माळ्यावर गोफण घेतलेली राखणदारीण, आणि चहूंकडून कणसांवर उतरणारीं पांखरें. पडद्यावर बोट दाबून धरलें कीं गोफण फिरते. बोट उचललें कीं गोटा सुटतो. सहा महिने खपून तिनें तो पुरा केला आणि घरांत दाखविला. आई म्हणाली, “छान झालाय हो!” काकांनीं पाठ थोपटली. मैत्रिणींनीं वाहवा केली. आणि येथेंच त्या खेळाची सुधारणा थांबली.

असें कां व्हावें? आपल्या घरांतून दुसऱ्याच्या कष्टास नांवें ठेवणें अशिष्ट समजतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ही वाहवा त्या मुलीची होती, खेळाची नव्हे. परका खेळणारा तिला ओळखीत नाहीं. त्यास खेळ उमगला नाहीं तर दोन मिनिटांत तो बाजूस सारील, आणि कां सारला हें कोणास सांगावयासही येणार नाहीं. मग सहा महिन्यांचे श्रम कोठें वायां गेले हें तिला कधींच कळत नाहीं. आणि आपल्या अंगीं गुणच नाहीं अशी समजूत करून घेऊन ती तो नाद सोडून देते. दोष मात्र कदाचित् एका दिवसांत दुरुस्त होण्याजोगा असतो.

यावर पहिला उपाय असा, कीं मत विचारण्याआधीं खेळतांना पाहावें. शेजारच्या मावशींच्या हातीं फोन द्यावा आणि आपण गप्प बसावें. मावशी पडद्यावर टकटक बोट मारीत राहतील. गोफण कांहीं फिरणार नाहीं. “मावशी, दाबून धरा ना!” हें वाक्य अगदीं ओठांवर येईल. तें गिळावें. खेळ पुढें ज्या घरीं जाईल तेथें सांगावयास ती असणार नाहीं. बोट प्रथम कोठें गेलें, कोठें अडलें, हंसूं केव्हां आलें, लक्ष दुसरीकडे केव्हां गेलें, आणि हरल्यावर त्यांनीं आपण होऊन पुन्हां डाव मांडला कीं नाहीं, हें वहींत टिपून ठेवावें. यांतील शेवटच्या गोष्टीएवढा प्रामाणिक अभिप्राय दुसरा नाहीं.

प्रश्न विचारावयाचे ते नंतर. “आवडला का?” या प्रश्नास आपल्याकडे एकच उत्तर मिळतें. त्याऐवजीं “यांत काय करावयाचें होतें, सांगाल का?” “कंटाळा कोठें आला?” असें विचारावें. उत्तरें ऐकतांना एक भेद ध्यानांत ठेवावा. “पांखरें फार आहेत, कमी करा,” असें कोणी म्हटलें, तर त्यास अडचण झाली हें निश्चित. पण त्यानें सुचविलेला उपाय बरोबरच असेल असें नाहीं. कदाचित् पांखरें बेताचींच असतील, आणि गोटा केव्हां सुटतो हेंच कळत नसेल. दुखतें कोठें तें रोग्यानें सांगावें. औषध वैद्यानें योजावें.

आतां अभिप्राय कोणाचा घ्यावा? १९७१ सालीं अमेरिकेंत नोलन बुश्नेल व टेड डॅबनी यांनीं ‘कॉम्प्युटर स्पेस’ नांवाचें, नाणें टाकून खेळावयाचें यंत्र तयार केलें. स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळच्या एका मद्यगृहांत विद्यार्थ्यांच्या त्यावर उड्या पडल्या. पण इतर ठिकाणच्या सामान्य गिऱ्हाइकांस त्याच्या कळा व सूचना उमगेनात. पुढच्याच वर्षीं त्यांच्या अटारी कंपनींत ॲलन अल्कॉर्न यांनीं ‘पाँग’ केला. चक्री फिरवावी आणि चेंडू चुकूं देऊं नये, एवढाच तो खेळ. सनीव्हेल येथील मद्यगृहांत ठेवलेलें त्याचें यंत्र लवकरच बंद पडलें. उघडून पाहतात तों नाण्यांचा डबा भरून गेलेला!

जालनेकरांस हें तत्त्व परकें नाहीं. १९६४ सालीं बद्रिनारायण बारवाले यांनीं येथें ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापिली, आणि बियाण्यांसाठीं या गांवाचें नांव झालें. नवें वाण प्रयोगाच्या वाफ्यांत डौलानें वाढलें तरी निरनिराळ्या जमिनींत तें कसें येतें हें पाहावें लागतें. तसाच खेळही शाळकरी मुलाच्या, आजीच्या, जुन्या फोनवाल्याच्या हातीं देऊन पाहावा. त्यासाठीं शेंकडों माणसें लागत नाहींत. संगणकावरील साधनांची परीक्षा करणारे याकोब नीलसेन यांनीं २००० सालीं असें प्रतिपादन केलें, कीं पंधरा जणांस एकदम बसविण्यापेक्षां पांच-पांचांच्या तीन फेऱ्या कराव्या आणि मधल्या वेळांत दुरुस्ती करावी. पांच माणसें तर आपल्या वाड्यांतही मिळतील.

तेव्हां घरांतील मुलामुलीनें आपला खेळ पुढें केला, तर “छान” म्हणण्याची घाई करूं नका. दहा मिनिटें मनापासून खेळा. जेथें अडाल तेथें अडलों असें मोकळेपणीं सांगा. आणि दुरुस्ती झाल्यावर पुन्हां खेळावयास बसा.