पिसवांविरुद्ध मोहीम

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पंधरा दिवस साताऱ्याला आजीकडे होतो. आमचा कुत्रा मोतीही सोबत होता. परत येऊन नोएडाच्या फ्लॅटचे कुलूप उघडले आणि तासाभरात धाकट्या बहिणीच्या घोट्यांवर लाल पुरळ उठले. पिसवा! बाबा म्हणाले, "मोतीला आता गावीच ठेवावे लागेल." बहीण रडू लागली. मला शाळेत परतायला आठच दिवस उरले होते.

शत्रूशी लढण्याआधी त्याला ओळखावे, असे आम्हाला शिकवतात. पिसवेची चार रूपे असतात: अंडे, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेली पिसू. मादी कुत्र्याच्या अंगावर रोज चाळीसेक अंडी घालते, पण ती गळून गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटींत पडतात. कोषातली पिसू कित्येक आठवडे दबा धरून बसते. पावलांचा हादरा आणि श्वासाची चाहूल लागली की बाहेर पडते. म्हणूनच बंद घर उघडताच हल्ला झाला. म्हणजे खरा तळ मोतीच्या अंगावर नसून घरात होता.

आधी खात्री करा. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा. पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग उमटला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त.

मग दोन्ही आघाड्या एकाच दिवशी उघडा. पशुवैद्यांनी वजन पाहून दिलेले औषधच लावा आणि घरातल्या सर्व प्राण्यांना उपचार करा. कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातील परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकते. अंथरुणे 60 अंश गरम पाण्यात धुवा. सोफ्याखाली, कोपऱ्यांत रोज व्हॅक्यूम फिरवा आणि कचरा लगेच बाहेर टाका. कोषावर औषध फारसे चालत नाही, म्हणून नव्या पिसवा दिसल्या तरी मोहीम थांबवू नका.

पिसू क्षुल्लक नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे प्लेगनेच निधन झाले. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी पुढच्याच वर्षी कराचीत दाखवले.

मी शाळेत परतलो, तेव्हा मोहीम अर्धवट होती. पुढची कमान आई आणि बहिणीने सांभाळली. दर रविवारी फोनवर खबर मिळे. पाचव्या रविवारी बहीण म्हणाली, "दादा, कागद कोरा!" मोती नोएडातच आहे.