नकार द्या, पण कारण लिहून द्या

लोकसेवा आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात स्पष्ट केले. मग असा आयोग हवाच कशाला? हा आक्षेप वरवरचा आहे. राज्यघटनेच्या कलम ३२३ नुसार आयोगाचा सल्ला डावलला, तर तो का डावलला हे सरकारला वार्षिक अहवालासोबत विधिमंडळापुढे लेखी मांडावे लागते. हा धाक लहान नाही. शिवाय सल्ला देणारा निर्धास्त असतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या सदस्यांना राज्यपाल नेमतात, पण गैरवर्तनाच्या ठपक्यावरून त्यांना राष्ट्रपतीच काढू शकतात, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीनंतर. आयोगाचा खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असल्याने त्यावर सभागृहात मतदान होत नाही.

भरती रखडते, ही परीक्षार्थींची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिच्यामागे उमेदीची वर्षे आहेत. पण तेवढ्यावरून भरती खात्यांच्या किंवा खासगी कंपन्यांच्या हाती देणे म्हणजे वशिल्याला दार उघडणे. किती पदे भरायची, हे आयोग ठरवत नाही. खात्याचे मागणीपत्र आल्याशिवाय जाहिरात निघत नाही. म्हणून जाब विचारताना मागणीपत्र कधी पाठवले, हे आधी त्या खात्याला विचारा.