कठीण कातळाचे जलद खोदकाम

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. विहीर असो, कालवा असो वा बोगदा असो, या काळ्या कातळाशी गाठ ठरलेलीच. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात मुख्यतः पहार, घण आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर तयार झाला. त्यासाठी हजारो मजूर रोगराईला व अपघातांना बळी पडले. खोदकामाचा वेग आणि मजुरांची सुरक्षितता यांचा विचार एकत्रच करावा लागतो, तो यासाठी.

कामाचे चक्र

कातळात छिद्रे पाडणे, त्यांत स्फोटके भरणे, सुरुंग उडविणे, विषारी वायू बाहेर घालविणे, सैल दगड पाडणे, राडारोडा उपसणे व छताला आधार देणे, असे हे चक्र असते. केवळ छिद्रे लवकर पाडून भागत नाही. उपसा वा वायुवीजन रेंगाळले की मिळविलेला वेळ वाया जातो. आल्प्स पर्वतातील माँ सेनी बोगद्याचे काम १८५७ मध्ये हाती सुरू झाले. १८६१ पासून तेथे दाबाखालील हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे आली. तीच हवा मजुरांच्या श्वासोच्छ्वासासही उपयोगी पडली. १८७१ मध्ये बोगदा वाहतुकीस खुला झाला.

नवे प्रयत्न

सुरुंगाच्या पद्धतीत आता इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमुळे प्रत्येक छिद्राच्या स्फोटाची वेळ सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत ठरविता येते. त्यामुळे हादरे कमी होतात व दगड हव्या त्या आकाराचा फुटतो.

दुसरा मार्ग स्फोटाविना खोदण्याचा. बोगदा खोदणाऱ्या यंत्राच्या फिरत्या मुखावरील पोलादी चकत्या कातळावर प्रचंड दाब देतात. शेजारशेजारच्या भेगा जुळून खडकाच्या ढलप्या निघतात. मुंबईच्या ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोसाठी अशीच यंत्रे वापरण्यात आली; हा मार्ग २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाला. कठीण खडकात चकत्या झिजतात आणि त्या बदलण्यासाठी यंत्र थांबवावे लागते. म्हणून अधिक टिकाऊ धातू आणि पुढील भूस्तराचा आगाऊ वेध घेणारी साधने यांवर संशोधनाचा भर आहे. सूक्ष्मलहरींनी बेसाल्ट तापवून त्यात भेगा पाडण्याचेही प्रयोग झाले आहेत. ते अद्याप प्रामुख्याने प्रयोगशाळेपुरते आहेत.

गावाच्या कामात

गावच्या विहिरीसाठी अशी प्रचंड यंत्रे येणार नाहीत. परंतु त्यांच्यामागील तत्त्व तेथेही लागू पडते. सुरुंगाचे काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करवून घ्यावे, स्फोटापूर्वी परिसर मोकळा करावा, आणि न उडालेल्या सुरुंगाच्या छिद्रात पुन्हा पहार घालू नये. एका अपघाताने जीव जातो आणि कामही आठवडेच्या आठवडे ठप्प होते. हे ध्यानी घेतले, तर सावधगिरीत गेलेला वेळ वाया गेला असे कोणीही म्हणणार नाही.